चालून दाखव

मांडवगण फराटा,
ता. ११ जानेवारी २००२

प्रिय धना,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. चांगली चार पानं भरून लिहिलंस. लग्नाला दीड वर्ष झालं, तेवढ्या काळात तुझ्याकडून आलेलं सगळं एकत्र केलं तरी दोन पानं भरली नसती, म्हणून पाकीट जाड बघून मला वाटलं आत फोटो असेल. वाचायला घेतलं तर पहिल्या पानावर दम, दुसऱ्यावर पायांची सूज, तिसऱ्यावर दौंडचा डॉक्टर आणि चौथ्यावर तुझा बाप. आठवा महिना आहे, पहिली खेप आहे, पोरगी घाबरणारच. तुझ्या वेळी तुझी आई रोज संध्याकाळी 'मी काय आता जगत न्हाई' म्हणायची आणि सकाळी उठून वीस भाकरी थापायची. तू काय काय मागितलंस ते माझ्या लक्षात आहे. लहानपणचं दवाखान्याचं कार्ड हवंय, बाळंतपणाला इकडे यायचंय, आणि चौथ्या पानाच्या तळाला जे मागितलंस ते. एकेकाचं उत्तर देतो. पण आधी इकडची खबरबात ऐक, नाहीतर म्हणशील, आबाला रागावण्यापलीकडे काही येत नाही.

ऊस एकदाचा तुटला. टोळी पंधरा दिवस उशिरा आली, पण आली. आणि मोठी बातमी म्हणजे सुषमाचं जमलं. तुझ्या सासऱ्यांची बहीण गिताबाई, तिचाच मुलगा. सणसवाडीला कंपनीत आहे, परमनंट, स्वतःची मोटारसायकल. तुझ्या सासऱ्यांनी, सोपानरावांनीच मध्ये शब्द टाकला. साखरपुडा दहा फेब्रुवारीला आपल्या दारात, लग्न उन्हाळ्यात. गिताबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? 'थोरली आमच्या भावाच्या घरी नांदतीया, तिच्यात काय खोट निघाली न्हाई, मग धाकटीची काय पारख करायची.' बघ तुझी किंमत. तुझ्या एकटीच्या जिवावर दुसरी मुलगी उजवली जाते आहे. सुषमा दिवसभर गालात हसत असते आणि स्वयंपाकात मीठ विसरते.

मेंढरं आता अकराच राहिली. तीही सवयीनं ठेवली आहेत. मेंढरांचा वाडा घेऊन दरवर्षी खाली कोकणात उतरायचे दिवस तुझ्या आजोबांबरोबर गेले, पण हात अजून शाबूत आहे. परवा सरूबाईची शेळी पोट फुगून आडवी झाली. तिची सून जनावरांच्या डॉक्टरला फोन लावायला निघाली होती. मी ओवा घालून गोडं तेल पाजलं, पोट चोळलं, आणि फोन लागायच्या आत शेळी उभी. सरूबाई म्हणाली, 'मल्हारीआबा, तुमी आता मानसांचा दवाखाना काढा.' मी म्हटलं, काढलेलाच आहे, घरातल्या चार माणसांचा. सगळे हसले. तुझी आई तेवढी हसली नाही. तिला हल्ली कशाचंच हसू येत नाही.

तर तुझ्या दुखण्याबद्दल. तू नऊ वर्षांची होतीस, चौथीत. गणपतीच्या सुमाराला घसा धरला, ताप आला, आठ दिवसांत उतरलाही. मग गुडघे सुजले. आज हा, उद्या तो, परवा मनगट, असं दुखणं घर बदलत फिरायचं. पांघरूण गुडघ्याला लागलं तरी ओरडायचीस. मी एरंडाची पानं गरम करून बांधली, आठ दिवस वाट पाहिली आणि मग शिरूरला नेलं. हे मुद्दाम आठवून देतोय, कारण तुझ्या पत्रात असा सूर आहे की जणू बापानं काही केलंच नाही. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी पुण्याला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात पंधरा दिवस मी तुझ्या खाटेखाली झोपलो. निघताना ते पिवळं, पुठ्ठ्यासारखं जाड कार्ड हातात दिलं. दर एकवीस दिवसांनी शिरूरला जायचं, चिठ्ठीवर औषध विकत घ्यायचं, सुई टोचून घ्यायची, कार्डावर बाईंची सही घ्यायची. किती दिवस? तर पोरगी पंचवीस वर्षांची होईपर्यंत. मी बाईंना विचारलं, पोरगी चालतीय, आता कशाची सुई? त्या म्हणाल्या, सांधे फसवतात. सांधे बरे होतात आणि दुखणं काळजात जाऊन बसतं, पुन्हा पुन्हा घसा धरला की काळजाची झडप थोडी थोडी खातं. लहानपणी कळत नाही, पोरगी बाळंतपणाला आली की कळतं. शब्द न् शब्द मला आठवतो. त्या काय म्हणाल्या ते आबा विसरला, असं समजू नकोस.

पण डॉक्टरनं सांगायचं आणि आपण मान हलवायची, असं आपल्या घरात कधी नव्हतं. तुझ्या आजोबांची एक रीत होती. लंगडणारं मेंढरू धरायचं, खुराला औषध लावायचं, आणि दोन दिवसांनी चालवून बघायचं. नीट चाललं की बाटली परत खुंटीला. चालत्या मेंढराला औषध लावत बसणारा मेंढपाळ मी तरी पाहिला नाही, असता तर त्याचा वाडा कधीच विकला गेला असता. आणि ती सुईसुद्धा कशी, तर दुखतो गुडघा आणि टोचायची कंबरेत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तरी मी पाच वेळा नेलं. एसटी, फी, औषध, वर माझा दिवस बुडायचा तो वेगळाच. सहाव्या वेळी मी पोपटरावांच्या दुकानात गेलो. तिथं शांपूच्या पुड्यांशेजारी अंगदुखीच्या गोळ्यांच्या पट्ट्या लटकत असतात. कात्रीनं दोन कापून देतात. चिठ्ठी नको, नंबर नको, एसटी नको. तुझं कुठं दुखलं की एक दिली, तासाभरात तू सागरगोटे खेळायला पळालीस. मग तूच सांग, औषध कोणतं चांगलं? मी तुला औषधावाचून ठेवलं नाही धना. चिठ्ठीचं बंद केलं, बिनचिठ्ठीचं चालू ठेवलं. एवढाच काय तो माझा गुन्हा.

आणि तेही डोळे मिटून केलं नाही. एकविसावा दिवस आला की तुझी आई कार्ड काढून माझ्यापुढं ठेवायची. मी तुला हाक मारायचो आणि म्हणायचो, चालून दाखव. ओट्यापासून विहिरीपर्यंत आणि परत. तू दोन वेण्या हलवत जायचीस, विहिरीच्या कठड्याला हात लावून परत यायचीस. लंगडली नाहीस की कार्ड ट्रंकेत आणि तुझ्या हातावर लिमलेटची गोळी. किती वर्षं चाललं हे आपलं! तुझी दहावी झाली तरी चालू होतं, फक्त लिमलेटची गोळी बंद झाली होती. आता तू लिहितेस, 'आबा, कितीदा मी दात आवळून चालले. सुईच्या भीतीनं नाही, तुम्ही हसावं म्हणून.' वाचून मला हसू आलं आणि रागही. म्हणजे बापाला फसवलंस तू. मी ज्या पायांवर भरवसा ठेवला ते पाय खोटं बोलत होते, आणि वर मलाच विचारतेस की तुम्हाला कळलं कसं नाही? बोलायचं होतंस. मेंढराला बोलता येत नाही, तुला तर येत होतं.

तुझ्या आईनं दोनदा तुला चोरून शिरूरला नेलं होतं, ते तुला आठवत असेल. अंडी विकून पैसे जमवले आणि मला सांगितलं, मावशीकडे जातोय. कार्डावर दोन सह्या वाढलेल्या दिसल्या तेव्हा मला कळलं. मी तिच्या अंगाला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त आठवड्याच्या बाजारी सगळ्या कोंबड्या विकून टाकल्या. भावही बरा आला. त्यानंतर तिनं कार्ड समोर ठेवायचं तेवढं ठेवलं, बोलायचं सोडून दिलं.

आता ते वाचलेले पैसे मी प्यालो का? पत्त्यात घालवले? तुझी पावडर संपली तेव्हा तिचा रिकामा डबा मी घेतला, आणि दर एकविसाव्या दिवशी जे शिरूरला गेलं असतं ते त्यात टाकायचो. एकदाही चुकवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला नेम मी पाळला, फक्त सुईऐवजी डब्यात. तुझ्या लग्नात सोनाराकडे तोच डबा उपडा केला. तुझ्या गळ्यात डोरलं आहे ना, दोन वाट्यांचं, ते तुझ्याच सुयांचं आहे. दुसऱ्या कुणी बापानं ते डॉक्टरच्या घशात घातलं असतं, मी पोरीच्या गळ्यात घातलं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगतो, म्हणजे पुढचं पत्र लिहिताना हात जरा जपून चालेल.

आणि त्या चालण्याचं सार्थक कधी झालं ते तुला ठाऊकच आहे. तुला बघायला भांडगावहून जीप भरून माणसं आली. पोहे झाले, नाव-गाव झालं, आणि गिताबाई म्हणाल्या, 'पोरी, जरा उठ बरं, चालून दाखव.' तुझ्या आईचा चेहरा पांढरा पडला. मी मात्र निवांत बसलो होतो. उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत तू अशी गेलीस आणि आलीस, की सोपानराव तिथंच म्हणाले, सुपारी फोडा. वर्षानुवर्षांचा सराव होता, कुणाला सांगून पटलं नसतं. येऊन बसलीस तेव्हा तुझ्या वरच्या ओठावर घाम होता आणि गळ्याची शीर उडत होती. गिताबाईंना ती लाज वाटली. मला काय वाटलं ते जाऊ दे. संपतरावांसारखा जावई रोज दारात येत नाही, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची असते.

तू लिहितेस की आडवं पडलं की बुडाल्यासारखं होतं, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपावं लागतं. दोन उश्या घे. पोट वर चढलं की दम लागतोच, बाळ झालं की खाली येईल. विहिरीवरून घरी येताना तीनदा बसावं लागतं म्हणालीस. घागर छोटी घे. पाय इतके सुजले की जोडवी सोनाराकडून कापून काढली, हे वाचून मात्र मला वाईट वाटलं. चांदीची जोडवी होती. साबणाच्या पाण्यात पाय ठेवला असता तर आपोआप निघाली असती. दौंडच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही, म्हणून तू घाबरलीस. अगं, वेळ लावला की फी लावता येते. खोकल्यातून गुलाबी फेस येतो म्हणालीस. तो दातांतून येत असेल, गरोदरपणी हिरड्या सुटतात. सोबत गोळ्यांच्या दोन पट्ट्या पाठवतोय, त्याच लहानपणच्या. छातीत दुखलं की एक घे, फार दुखलं तर दोन.

एक वाक्य मला लागलं. 'आबा, तुम्ही सुई बंद केली नसती तर आज मला आडवं पडून झोपता आलं असतं का?' असं बापाला लिहितात? तुझ्या आईला अक्षर कळत नाही, म्हणून तुझं पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, तेवढं वाक्य गाळून. तर ती म्हणाली, 'मधीच का थांबला?' आणि मग, माझं काही चुकलं नसताना, मला टोमणा मारला, 'सोताची गोळी बरी कवा चुकत न्हाई.' तुला माहीत नसेल, दिवाळीत मला चक्कर आली होती. शिरूरला दाखवलं, रक्तदाब निघाला. चिठ्ठीच्या गोळ्या आहेत, रोज सकाळी एक, आणि डॉक्टर म्हणाले एक दिवससुद्धा चुकवायची नाही. मी चुकवत नाही. पण माझी गोष्ट वेगळी आहे. मी पडलो तर घर पडेल, सुषमाचं लग्न पडेल. एवढं तुझ्या आईला कळत नाही, तुला तरी कळावं.

आता कार्ड. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ट्रंक उपसली. पाठवायला नाही, खोटं कशाला बोलू, चुलीत घालायला. घरात पाहुण्यांची ये-जा सुरू झाली आहे, असले कागद ठेवू नयेत. पण कार्ड नव्हतं. तुझी आई म्हणाली, उंदरांनी खाल्लं असेल. उंदरांनी बाकी सगळं सोडून बरोबर तेवढंच खाल्लं, बरंच झालं, माझी एक काडी वाचली. म्हणजे कार्डाचा विषय संपला. आणि माहेरी यायचं म्हणतेस, तर पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत मलाही ठाऊक आहे. पण दहा तारखेला गिताबाईंची चाळीस माणसं दारात असणार आणि तू आतल्या खोलीत भिंतीला टेकून धापा टाकत बसणार. त्या बाईची नजर कशी आहे ते तू पाहिलंस. मी सोपानरावांना कळवतो की आमच्याकडे सध्या जागेची अडचण आहे. तुमच्या गावात चांगली सुईण आहे म्हणे, तिच्या हाताला यश आहे.

राहिला चौथ्या पानाचा तळ. 'आबा, मला भंडाऱ्यातून मोकळी करा. मला यांना खरं सांगू द्या.' लग्नाच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यापुढं मी तुला भंडारा उचलायला लावला होता की लहानपणचं दुखणं सासरी कधी तोंडातून काढणार नाहीस. दीड वर्ष तू तो पाळलास, लेक असावी तर अशी. आता ऐक. बुधवारी संपतराव इथं येऊन गेले, तुला त्यांनी बाजाराला जातो म्हणून सांगितलं असेल. दारातच म्हणाले, 'आबा, हिला ल्हानपनी काय झालं व्हतं का? सांधे सुजले व्हते का? डॉक्टर म्हनत्यात, तसलं काय आसंल तर आजच्या आज पुण्याला न्या, एक दिस थांबू नका. नसंल तर रक्ताच्या गोळ्या दिऊन बघू.' शनिवारची जीप त्यांनी सांगून ठेवली होती, पैसेही उसने आणले होते. तुझी आई चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून उभीच राहिली. मी देव्हाऱ्यातला भंडारा हातावर घेतला आणि म्हणालो, खंडोबाच्यान, पोरीला पडशाशिवाय आयुष्यात काही झालं नाही, ती तर दहावीपर्यंत रोज विहिरीपर्यंत पळत जायची. संपतराव माझ्या पाया पडले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, म्हणाले, लई जीव टांगणीला लागला व्हता आबा. भोळा माणूस आहे. जीप रद्द केली, पैसे ज्याचे त्याला परत दिले. मंगळवारी डॉक्टर तुला समोर बसवून पुन्हा हेच विचारणार आहे, संपतराव शेजारी असतील. तेव्हा माझं आणि तुझं सांगणं एक असू दे, तेवढ्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. मी तुला मोकळी करत नाही धना. तू खरं बोललीस तर भंडाऱ्यापुढं दोघं खोटी पडू, तुझी सोयरीक मोडेल, सुषमाची जुळायच्या आधी मोडेल, आणि देवाचा कोप होईल तो वेगळा. तू आजवर माझं ऐकलंस, एवढं एक आणखी ऐक. मंगळवारी डॉक्टरच्या खोलीत जाताना ताठ चालत जा, दारात थांबून श्वास घे आणि मग आत जा. सुषमाच्या लग्नात करवली म्हणून तुलाच पुढं चालायचं आहे, तेव्हा तब्येतीला जप.

तुझ्या भल्यापलीकडे काही न पाहिलेला, तुझाच,
आबा

ता. क. तुमच्याकडे माल नेणारा सिद्दीक दारात टेम्पो उभा करून हॉर्न वाजवतोय, म्हणून घाईत लिहितो. ज्या दिवशी मी ट्रंक उपसली, त्याच दिवशी तुझ्या आईनं बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं होतं. तीन दिवस घरात चिंध्यांचा पसारा. एका कोपऱ्यात हाताला पुठ्ठ्यासारखं कडक लागतं, म्हणते खळीचं कापड आहे. तिनं दोनदा बजावून सांगितलं की पत्रात लिहाच, 'धनाला म्हनावं, आल्याबरोबर कडंची शिवण उसव, टाका कच्चा पडलाय.' डोळे गेले आता तिचे. पण सिद्दीक म्हणतो, पत्र आणि गोळ्या तुमच्या फाट्यावरच्या दुकानात ठेवून जाईन, दुपट्याचं गाठोडं दुकानदार ठेवून घेत नाही, ते घरपोच द्यायचं तर टेम्पो आत वस्तीवर घालावा लागेल, त्याचे वीस रुपये. चिंध्यांच्या दुपट्याला वीस रुपये! मी गाठोडं ठेवून घेतलं. तुझी आई उंबऱ्यात बसून हमसून हमसून रडतेय, पाटीभर भांडी तशीच पडली आहेत. बाळाला घेऊन येशील तेव्हा दुपटं इथंच वापरायला होईल.